वाकणाऱ्या लाकडाचं पॉलिश

मिरजेतल्या एका फर्निचरच्या कारखान्यात बायडाबाईंनी तीस वर्षं पॉलिशचं काम केलं. कपाटं, देव्हारे, झोपाळे. लाखेच्या पॉलिशचे असे हात मारायच्या की त्यात बघून भांग पाडावा. कारखाना सोडल्यावर त्या घराच्या पडवीतच कामं घ्यायला लागल्या.

दोन वर्षांपूर्वी शाळेत खेळ शिकवणारे महेंद्र सर एक धनुष्य घेऊन आले. धामणीच्या लाकडाचं, सहा महिने खपून स्वतः तासलेलं.

"मावशी, नुसतं कोरडं लाकूड आहे. पावसाळी हवा लागली की बिघडेल. काहीतरी लावून द्या."

बायडाबाईंनी ते हातात फिरवलं. गुळगुळीत, सडपातळ, एकही गाठ नाही. "शनवारी या," म्हणाल्या.

शनिवारी धनुष्य आरशासारखं चमकत होतं. सर खूश झाले. तिथंच दोरी चढवून त्यांनी धनुष्य ओढलं आणि बारीक कडकड ऐकू आली. पॉलिशवर दोन्ही टोकांपर्यंत पांढऱ्या रेघा उमटल्या, तळ्यातला गाळ वाळून भेगाळावा तशा.

सर समजुतीनं म्हणाले, "असू दे मावशी."

"असू दे कसं? तीस वर्सांत माझा माल कवा माघारी आला न्हाई. ठेवा हितंच."

त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत. चूक कळली होती. आजवर त्यांनी पॉलिश केलेलं सगळं एका जागी उभं राहणारं होतं. हे लाकूड वाकणारं, आणि लाखेला वाकता येत नाही.

सकाळी त्यांनी स्पिरिटनं सगळं पॉलिश पुसून काढलं. मग वडिलांच्या कुदळीचा दांडा आठवला. त्याला कधी पॉलिश नव्हतं, तेलच मुरवलेलं असायचं. त्यांनी जवसाचं तेल आणलं. थोडंसं तळव्यावर घ्यायचं, लाकूड कोमट होईपर्यंत चोळायचं, राहिलेलं पुसायचं आणि दिवसभर वाळू द्यायचं. तेलाच्या चिंध्या मात्र त्या तारेवर सुट्या पसरायच्या. कारखान्यात असल्याच चिंध्यांचा बोळा एकदा आपोआप धुमसताना त्यांनी पाहिला होता.

आठवडाभर हे चाललं. त्यांचे यजमान यल्लाप्पा ओट्यावर बसून बघत होते.

"आगं, पोरांना बी एवढं तेल लावलं न्हाईस कवा."

"पोरं रडायची. ह्ये गप ऱ्हातंय," बायडाबाई म्हणाल्या.

शेवटी मेणाचा एक पातळ हात दिला. आता चकाकी नव्हती. पण आतून मधासारखा रंग वर आला होता.

सर आले, तेव्हा बायडाबाई दारातच उभ्या राहिल्या. सरांनी दोरी ओढली. एकदा, दोनदा, दहादा. रेघ नाही, आवाज नाही. मग बाईंनीच तांब्याभर पाणी धनुष्यावर ओतलं. थेंब टपटप घसरून गेले. तेव्हा कुठं त्या खाली बसल्या.

"मावशी, रविवारी मैदानावर या. आम्ही काही जण तिथं तिरंदाजी करतो. पहिला बाण तुम्ही मारायचा."

"मी? सर, लोक हसतील."

"तर हसू देत की," यल्लाप्पा म्हणाले. "जा तू. मी येतो संगं."

रविवारी छप्पन्न वर्षांच्या बायडाबाईंनी पदर खोचला आणि बाण सोडला. तो दहा पावलांवर मातीत घुसला. दुसराही मातीत. तिसरा पेंढ्याच्या निशाणाच्या कडेला जाऊन लटकला. कुणी हसलं नाही, आणि हसलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं. पुढचे चाळीस बाण त्यांनी कुणाला धनुष्यच दिलं नाही.

आता मैदानावरची सगळी लाकडी धनुष्यं तेलासाठी त्यांच्याच पडवीत येतात. दर रविवारी सकाळी बाई मैदानावर असतात, मागं चहाचा थर्मास घेऊन यल्लाप्पा. गेल्या महिन्यात तिथं एक लहानशी स्पर्धा झाली. सात जणांत बायडाबाई चौथ्या आल्या. मिरज मार्केटातल्या भाजीवाल्यांपासून दवाखान्यातल्या नर्सबाईंपर्यंत सगळ्यांना ही बातमी त्यांनी स्वतः सांगितली आहे.