तेल वाहतं कुठून?

गाडी गळायला लागली की खाली पडलेलं तेल पुसता येतं, पण तिच्यापायी जमलेल्या गोष्टी काही पुसल्या जात नाहीत. आमच्या अवीच्या मोटरसायकलने आम्हाला इतका मालमसाला दिलाय की आम्ही मित्र बारशाला भेटलो तरी पेढा तोंडात असतानाच कोणीतरी म्हणतो, "अरे, ते पावडरचं सांग." आणि सांगायचं काम माझ्याच गळ्यात. बाकीचे फक्त चुका काढतात.

*

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. अवी करमरकर एका कंपनीत ड्राफ्ट्समन. आई, बायको आणि तो, अशी तिघं पनवेलच्या खांदा कॉलनीत राहायची. कुठल्याशा जहाजावरच्या इंजिनियरने मागे ठेवलेली एक परदेशी मोटरसायकल हातोहात फिरत त्याच्याकडे आली. डांबरावर चालणारी आणि रानातही चालणारी. सीट इतकी उंच की अवीला ओट्याच्या पायरीवरून तिच्यावर चढावं लागे. म्हणून ती पोर्चमध्ये, पायरीला खेटून उभी असायची.

काकूंना, म्हणजे अवीच्या आईला, ती बघूनच धडकी भरली. त्यांची अट एकच, टाकीवर मारुती हवा. चित्र त्यांनी स्वतः आणलं, स्वतः चिकटवलं. पुढे गाडी कितीही चिखलात लोळून येवो, टाकी मात्र चकाचक असायची. काकू ती पदराने पुसायच्या.

रजनीवहिनींचं दुखणं वेगळं. पोर्चमध्ये त्यांनी हौसेने पांढऱ्या टाइल्स बसवल्या होत्या आणि त्यांच्यावर अधूनमधून तेलाचा डाग पडायला लागला. जेमतेम बशीएवढा. पण पांढऱ्या टाइलवर बशीसुद्धा परातीएवढी दिसते.

"दिवाळीपर्यंत हे थांबलं नाही, तर गाडी विकायची," वहिनी म्हणाल्या.

अवी हसत हसत "बरं" म्हणाला. आम्हाला मात्र ते हसण्यावारी नेता आलं नाही. आठवडाभर बोर्डावर मान मोडून रेघा ओढणारा हा माणूस रविवारी आपट्याला नदीकाठच्या दगडगोट्यांतून गाडी घालायचा तेव्हा मोठमोठ्याने गायचा. गळा भयंकर, पण गायचा. एरवी मी त्याला कधी गाताना ऐकलेलं नाही.

*

आमचा डॉक्टर म्हणजे सलीमभाई मिस्त्री. त्याचं गॅरेज एसटी स्टँडच्या मागे. त्याची खासियत अशी की निदान आधी सांगायचा आणि गाडी नंतर बघायचा.

"मर्ज कळला की इलाज पाच मिनिटांचा," तो म्हणाला. इंजिन रॉकेलने धुऊन कोरडं करायचं आणि वर पावडर भुरभुरवायची. तेल जिथून झिरपेल तिथून रेघ उमटेल. पद्धत अगदी बरोबर होती. पावडर मात्र वहिनींच्या ड्रेसिंग टेबलवरची होती, अख्खा डबा.

सोमवारी पावडर मारली. अवी गाडी घेऊन ऑफिसला जाऊन आला. मंगळवारी काही नाही. बुधवारी काही नाही. शेजारचे निवृत्त मास्तर रोज फाटकाशी थांबून चौकशी करायचे, "घामोळं बरं झालं का हिचं?"

रविवारी सकाळी पाहतो तर पावडरीवर रेघ. सिलिंडरच्या पार वरच्या टोकापासून खालपर्यंत, गंध लावावं तशी सरळ. सलीमभाईने मांडीवर थाप मारली. "बोललो होतो ना? वरच्या झाकणाचं गॅस्केट गेलं."

तो हे बोलला नव्हता. पण आनंदात कोण आठवतो?

*

परदेशी गाडीचं गॅस्केट, म्हणजे झाकणाखाली बसणारी ती पातळ पट्टी, पनवेलमध्ये मिळणार कुठून? सलीमभाई म्हणाला, "जाडसर, गुळगुळीत कागद दे. कापून देतो."

अवीने कपाटातून कागद काढून दिला. झकास गॅस्केट झालं. पुढच्या रविवारी टाइलवर पुन्हा डाग. म्हणून झाकण परत उघडलं, आणि नेमक्या तेव्हाच वहिनी चहा घेऊन आल्या. झाकणाच्या कडेने सोनेरी अक्षरं चमकत होती, 'चि. सौ. कां. रज'.

आपल्या लग्नाच्या पत्रिका शिल्लक आहेत, म्हणून एक वापरली, असं अवीने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. वहिनींनी ट्रे खाली ठेवला.

"म्हणजे मला इंजिनात घातलं, आणि गळती आहे तशीच."

त्या दिवशी चहा आमचा आम्हालाच ओतून घ्यावा लागला.

*

काशिनाथ उरणकडचा कोळी. घरच्या होडीवर वाढलेला, तेव्हा बंदरात कामाला. आमच्या टोळीत इंजिनाची खरी सवय त्यालाच, असं तो म्हणायचा. चिरनेरच्या रस्त्यावर आम्ही थांबलो असताना त्याने इंजिनातल्या तेलाची पातळी पाहिली. गेल्या महिन्यात होती तेवढीच, केसभरही कमी नाही.

"त्याल गलतं नि कमी व्हत नाय?" काशिनाथने डोकं खाजवलं. "आरं, ही गाडी नाय, गाय हाय."

आणखी एक गंमत. रविवारी गाडी जरा तापली की तिच्या मागे चालवणाऱ्याला भूक लागायची. खमंग वास यायचा, कोणीतरी चकल्या तळत असल्यासारखा. मी म्हटलं, परदेशी इंजिन आहे, त्यांचा धूरही चांगला असेल. हे मी गंभीरपणे म्हटलं होतं आणि तिघांनी गंभीरपणे माना डोलावल्या होत्या. आमच्या अकलेचा यापेक्षा वेगळा दाखला कशाला हवा?

*

दिवाळी जवळ आली. अवीचं गाणं बंद झालं होतं. एका रविवारी सलीमभाईने पोर्चमध्येच बैठक मारली आणि सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांमधून स्क्रू-ड्रायव्हरने काळे, टणक दाणे उकरून काढले. तळहातावर घेऊन आम्हाला दाखवले.

"कार्बन. इंजिन आतून कार्बन फेकतंय. खोलावं लागेल."

काशिनाथने एक दाणा हुंगला. "खमंग हाय." कोणी लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. सलीमभाईने अदबीने विचारलं, "काकू, तुम्ही दिवसभर घरात असता. तेल रोज वाहतं का हो?"

"रोज कशाला?" काकू म्हणाल्या. "शनिवारी. न चुकता."

"पूर्वीपासून?"

"गाडी आली तेव्हापासून. अजून एकही शनिवार चुकला नाही."

काकू आत गेल्या. सलीमभाईने बोटांवर वार मोजले. मग हळूच म्हणाला, "शनिवारी अवीभाऊचा हाफ डे. म्हणजे भर दुपारी उन्हातून येतो. लोखंड फुगतं." आम्हाला पटलं. पुढचे दोन शनिवार अवी ऑफिसात मुद्दाम संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

डाग पडायचा तो पडलाच.

*

अखेर दिवाळीच्या आधीच्या शनिवारी कामोठ्याचं एक गिऱ्हाईक आलं. आम्ही सगळे पोर्चमध्ये उभे, मयताला आल्यासारखे. अवी टाकीवर हात ठेवून एकेक गुण सांगत होता. गळती आहे, हेही त्याने स्वतःच सांगितलं. गिऱ्हाईक म्हणालं, बघून घेऊ.

दिवेलागण झाली. काकू वाटी घेऊन बाहेर आल्या. इतकी माणसं जमलेली बघून थोड्या बिचकल्या, पण थांबल्या नाहीत. पायरीवर उभं राहून त्यांनी मारुतीच्या डोक्यावर धार धरली, वर चार उडीद टाकले, हात जोडले आणि टाकी पदराने पुसून घेतली. तेल टाकीखालून उतरलं, इंजिनाच्या माथ्यावर आलं, पात्यापात्यांतून सरळ खाली गेलं आणि टाइलवर टपकलं. एक उडीद टणकन उडून सलीमभाईच्या चपलेपाशी पडला. त्याने तो उचलला आणि मुकाट्याने खिशात टाकला.

काकू गिऱ्हाइकाकडे वळल्या.

"गाडी तुम्ही नेणार ना? मग दर शनिवारी एवढं तेल वाहत जा बाबा. हा असा डोंगरदऱ्यांतून फिरतो, मला दिवसभर घास गिळवत नाही. पण अजून एकदासुद्धा पडला नाही."

अवी आईकडे बघत राहिला. गिऱ्हाइकाने बयाणा काढायला खिशात घातलेला हात तसाच ठेवला.

रजनीवहिनी दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या. भांड्यांचा खडखडाट ऐकू आला. बाहेर आल्या तेव्हा हातात कणीक मळायची जुनी परात होती. ती त्यांनी वाकून गाडीच्या बरोबर खाली सरकवली, जरा डावीकडे घेतली, आणि पदर सावरून गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "चहा ठेवलाय. तेवढा घेऊनच जा."