खिचडीच्या खोलीची काळी भिंत

शीलाबाई रोज कळंबवरनं स्कुटीवर आमच्या वस्तीवरच्या शाळेत येती. मी सखूबाई, तिथं पोरांची खिचडी शिजवते. अशी मास्तरीण मी पाहिली न्हाई, आन् तिचे केले तसे हाल कुणाचे होऊ नयेत.

सरपंच हौशीरामनं शाळेला हा एवढा डिजिटल फळा आणला. नारळ फोडला, हार घातला, आन् त्याला जागा करायला भिंतीवरचा जुना फळाच उखडून टाकला! बाईनं परत मागितला तर म्हणतो, "दोन-दोन फळे कशाला?" शाळा उसाच्या रानात, लाईट विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारींच्या लायनीवरची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री काय बिबट्याला शिकवायचं का राव?

लाईट असली तरी काय? माझी नात हर्षाली तिसरीत. चित्राला बोट लावायची, फळा म्हणायचा, "शाबास!" पुस्तक पुढं केलं की पोरगी गप. जीव तुटायचा माझा.

मग बाईनं माझ्या खिचडीच्या खोलीची भिंत धरली. चुलीच्या धुरानं काळीकुट्ट झालेली. तिच्यावर खडूनं लिहायची, पोरांकडनं वाचून घ्यायची. एक दिवस हर्षालीनं आपल्या हातानं लिहिलं, 'आजी, भात करपला.' आन् वाचलंबी! खरंच करपला व्हता. मी हसलेबी, रडलेबी.

"शाळा तपासायला तालुक्याचे साहेब येणारेत. त्यांच्यापुढं वाचशील ना?" बाईनं विचारलं. तवापासनं पोरगी दिसंल ते वाचत सुटली.

साहेब यायच्या आदल्या दिवशी हौशीराम आला. "बाई, ही काय घाण? फोटोत येईल ना!" भिंतीला चुना फासून घेतला. फळा बंद पडू नये म्हणून मंडपवाल्याचं जनरेटर आणून ठेवलं.

साहेबांनी हर्षालीला उभं केलं. "वाच बाळ." ती डिजिटल फळ्यावरची अक्षरं जुळवाया लागली, "चि... चिम..." हौशीरामला कुठला दम? त्यानं तिचं बोट धरून चित्रावर टेकवलं. "शाबास!" फळा बोलला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

"साहेब, तिला वाचू द्या की. येतंय तिला," बाई म्हणाली.

"दिसलं की," म्हणत साहेब गाडीत बसले.

घरी जाताना हर्षाली म्हणाली, "आजी, मला येत व्हतं गं."

आता परत रात्रीची लाईट. फळा बंद, भिंत पांढरी. बाई हातात खडू घेऊन उभी ऱ्हाती. मी चुलीत मुद्दाम ओली लाकडं सारते. डोळे लई झोंबतात. झोंबू देत. हर्षाली रोज भिंतीवर बोट घासून बघती, काळी झाली का म्हणून.