मेंदूला लावलेलं गंध

प्रस्तुत इसम: हनुमंतराव, वय पन्नाशीपुढे, राहणार कुंभकोणम. व्यवसाय: वाहनांचं वायरिंग. अधिकारकक्षा: इंजिनाचं कंट्रोल मॉड्यूल, त्याचे सर्व कनेक्टर व तदनुषंगिक तारा. त्यांच्या लेखी अनुमतीवाचून कोणीही वायर धरून कनेक्टर ओढू नये. अशी अनुमती अद्याप कोणाला मिळालेली नाही.

लग्नसराईच्या तै महिन्यात, म्हणजे आपल्या पौष-माघाच्या सुमारास, एका सकाळी पद्मनाभ आचाऱ्याची व्हॅन दुसऱ्या गाडीला बांधून त्यांच्या दारात आली. संध्याकाळी आडुतुरैला लग्नाचं जेवण. भांडी आणि चिरलेल्या भाज्या आत, आणि इंजिन सुरू होईना. एका गॅरेजने मॉड्यूल मेलं असा निकाल दिला होता. नवं यायला आठवडा. वऱ्हाड काही आठवडाभर उपाशी बसणार नव्हतं.

"मेलं म्हणायला नाडी कोणी बघितली?" हनुमंतरावांनी विचारलं.

त्यांनी चावी काढली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि स्वस्थ बसून राहिले. साठलेला करंट उतरू द्यावा लागतो. पद्मनाभचा जीव मात्र चढत होता. मग कनेक्टरची खिट्टी उचलून तो सरळ बाहेर घेतला. मीटरचं जाड टोक आत खुपसलं की भोकं सैल होतात, हे पद्मनाभला न विचारताच कळलं. टॉर्च लावला. पिनांवर हिरवट थर, आणि त्यात वाळलेलं चंदन.

हे कोणाचं काम, असं त्यांनी विचारलं. पद्मनाभ चाचरत म्हणाला, दसऱ्याच्या आयुधपूजेला व्हॅन इथंच होती अण्णा, वैनींनी गंध लावलं.

वैनी, म्हणजे हनुमंतरावांच्या पत्नी विजयलक्ष्मी, दारातच उभ्या होत्या.

"तुम्हींच सांगितलंत की, हा गाडीचा मेंदू म्हणून. मेंदू सोडून चाकाला लावू काय?"

हनुमंतरावांनी कनेक्टर पुन्हा टॉर्चखाली धरला. दोष गंधाचा नसून कनेक्टरच्या झिजलेल्या रबराचा, असा निर्वाळा त्यांनी दिला. ओलं गंध तिथूनच झिरपलं. क्लीनर फवारला, मऊ ब्रशने पिना साफ केल्या, सुकू दिल्या, रबर बदललं, खिट्टी टक् होईतो बसवली, बॅटरी जोडली. पहिल्याच चावीला इंजिन बोललं.

तरी चाचणीवाचून गाडी सोडायची नाही, हा नियम. साक्कोट्टैपर्यंत फेरी झाली, व्हॅन कुठं अडखळली नाही, आणि पद्मनाभ वेळेत आडुतुरैला चूल पेटवायला गेला.

फेरीत स्टिअरिंगवर विजयलक्ष्मी होत्या. हनुमंतरावांना गाडी चालवता येत नाही.