वेणी घालणारी नर्स

अबुधाबीच्या हॉस्पिटलातली ती नर्स रत्नागिरीची होती. पुढचं बाळंतपण जिवावर बेतलं असतं, म्हणून माझ्या बायकोची नसबंदी ठरली होती.

"वहिनी, ऑपरेशनला मी नसणार," हिची वेणी घालता घालता ती म्हणाली. "माझ्या मनाला पटत नाही. तसं सांगायची कायद्याने मुभा आहे, नोकरी जात नाही. आत दुसरी येईल, माझ्याहून हुशार."

ही घाबरली. "आणि तू?"

"मी बाहेर, भाऊंजवळ. बघा ना, घाम कोणाला फुटलाय."

ऑपरेशन संपेपर्यंत ती खरंच माझ्याशेजारी बसली, मला खजूर खायला घालत. शुद्धीवर आल्यावर हिने आधी वेणी चाचपली.

गेल्या वर्षी ही गेली. शेवटपर्यंत मला चिडवायची, "ऑपरेशन माझं आणि नर्स तुम्हाला."