दमलेला इलेक्ट्रॉन

कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या बाईंकडे एक जाडजूड वही होती. तिच्यात त्या मुलांच्या चुका लिहून ठेवत. बेरीज-वजाबाकीच्या चुका नव्हेत, डोक्यात घट्ट रुतून बसलेल्या चुकीच्या समजुती. ‘इलेक्ट्रॉन अणूभोवती ग्रहासारखा गरगर फिरतो.’ ‘तो असतो एकाच जागी, आपल्यालाच दिसत नाही.’ ‘आपण बघितलं की तो लाजतो.’ हे शेवटचं एका पठ्ठ्याने चक्क पेपरात लिहिलं होतं. सव्वीस वर्षं बाई क्वांटम शिकवत होत्या, आणि पायातला काटा काढावा तशी एकेक समजूत काढत होत्या. तासाला जाताना मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचं आणि फळ्याला भिडायचं. बाहेरचे परीक्षक म्हणत, “तुमची मुलं घोकून नाही लिहीत, समजून लिहितात.” बाई वरवर “छे हो” म्हणायच्या, पण अंगावर मूठभर मांस चढायचं.

यंदा शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. सारखी विचारत असायची म्हणून वर्गाने तिचं नाव शंकासूर पाडलं होतं. वडील नव्हते, आई कपडे शिवायची आणि घरात शब्द चालायचा तो मामाचा. मामाचं औषधांचं दुकान. माणूस वाईट नव्हता, पण त्याने एक अट घातली होती. संशोधन संस्थेत पहिल्याच फटक्यात निवड झाली तर खुशाल जा. नाही झाली, तर हट्ट सोडायचा आणि दुकान सांभाळायचं. मुलीने मान डोलावली. लेखी परीक्षा तिने सहज पार केली होती. राहिली होती मुलाखत.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाईंच्या रिकाम्या वर्गात येऊन उभी राहिली.

“काय गं, काय विचारलं?”

“भिंतीतून पार जाणारा इलेक्ट्रॉन.”

“मग काय, तुझ्या हातचा मळ!”

“म्हणाले, पलीकडे निघाल्यावर त्याची ऊर्जा किती उरते? मी म्हटलं, कमी होते. भिंत पार करताना दमतो तो. तिथेच मला नापास केलं.”

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. “कमी होते? अगं, हे कोणी सांगितलं तुला?”

मुलगी जरा घुटमळली. “तुम्हीच की, मॅडम.”

तिने वही पुढे केली. फळ्यावरची आकृती जशीच्या तशी उतरवलेली. मधे भिंत, अलीकडे मोठी लाट, भिंतीत ती खाली खाली जाणारी, पलीकडे इवलीशी. आणि सगळी लाट ऊर्जेच्याच रेघेवर बसवलेली. अशी आकृती बघून कोणालाही वाटावं, ऊर्जाच खाली आली. शेजारी लाल शाईने लिहिलेलं होतं, ‘दमतो. ऊर्जा कमी.’ खाली दोन रेघा.

बाईंना तो तास आठवला. पोर्शन मागे पडलेला, घंटेला चार मिनिटं उरलेली. तिसऱ्या बाकावरून हिने विचारलं होतं, “मॅडम, बाहेर पडेपर्यंत दमत असेल का हो तो?” आणि त्या म्हणाल्या होत्या, “दमणारच की! भिंतीतून जायचं म्हणजे काय खायचं काम आहे?” वर्ग खोखो हसला होता. बाई थट्टा करून मोकळ्या झाल्या. जिने मनापासून विचारलं होतं, तिने ते उत्तर म्हणून लिहून घेतलं. चुकांच्या वहीत ही चूक कुठेच नव्हती, कारण ती मुलांची नव्हतीच.

“हे कुठून शिकलीस, असं नाही विचारलं त्यांनी?”

“विचारलं. म्हटलं, माझीच समजूत आहे. तुमचं नाव कशाला घ्यायचं उगाच?”

बाईंनी तिथल्या तिथे संस्थेत फोन लावला. तिकडून कारकून म्हणाला, “यादी वर सहीला गेली, बाई. आता ब्रह्मदेव आला तरी बदलायची नाही. तुम्ही कोण, मुलीच्या मावशी?”

“शिक्षिका. चूक तिची नाही, माझी...”

“मग आधीच नीट शिकवायचं होतं की हो!” तो हसत म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

“मी तुझ्या मामांशी बोलू का? पाया पडते हवं तर.”

“नको मॅडम. मामा शब्दाचा पक्का आहे. निवड झाली असती तर तोच मला सोडायला आला असता, अगदी तितकाच पक्का.” ती बाकावर बसली. “पण मग खरं काय आहे, ते तरी सांगा.”

बाईंनी खडू उचलला. देवा, निदान आता तरी नीट सांगू दे. या वेळी त्यांनी दोन वेगळ्या आकृत्या काढल्या. वर ऊर्जेची रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, केसभरही न ढळलेली. खाली लाट.

“लाटेची उंची कमी झाली, म्हणजे तो पलीकडे सापडायची शक्यता कमी झाली. ऊर्जा बघायची ती दोन शिखरांमधल्या अंतरात. मोज.”

मुलीने पट्टी लावली. अलीकडे मोजलं, पलीकडे मोजलं. “सारखंच आहे!”

“मग?”

“म्हणजे शंभरातले पाचच पार जातील, पण जे जातील ते जसेच्या तसे? न दमता?”

“जसेच्या तसे.”

“अय्या, एवढंच होतं?” ती हसली. बाईंना तिच्याकडे बघवेना. दहा मिनिटांचं काम होतं हे.

पट्टी हातात तशीच धरून ती फळ्याकडे बघत राहिली. “मॅडम, भिंत पार करायला त्याला वेळ किती लागत असेल?”

बाई काहीतरी बोलणार होत्या, पण थांबल्या. “मला माहीत नाही. भल्याभल्यांचे त्यावर अजून वाद चालू आहेत.”

“म्हणजे कोणाला नक्की सांगताच येत नाही?” तिचा चेहरा असा उजळला, जणू कोणी बक्षीस दिलं. “मग ते शोधायचं कसं? घड्याळ कुठे लावायचं?”

तिचा फोन वाजला. “हो मामा. कॉलेजात आहे. निघालेच.” तिने वही पिशवीत टाकली. “उद्यापासून दुकान. दहा ते आठ.”

“अधूनमधून येत जा. मी ते वेळेचं काय आहे ते वाचून ठेवते.”

“येते ना,” ती म्हणाली.

कॉलेज पाचला बंद होत असे. ते दोघींनाही माहीत होतं.