कैदेतला जनरल

अहेरीहून चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीत एक गृहस्थ माझ्या शेजारी बसत. माजी सैनिक, आता दर मंगळवारी-शुक्रवारी डायलिसिसला जाणारे. तरी दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री. त्या दिवशी ते दुसऱ्या महायुद्धात पकडल्या गेलेल्या एका जर्मन जनरलचं चरित्र वाचत होते.

"भाऊ, कैदेत काय करायचा तो?" मी विचारलं.

"रोज दाढी करून वर्दी घाले. लढाई त्याची खोटीच होती. पण मी बी सरहद्दीवर पकडल्या गेलो होतो, म्हणून वाचून राह्यलो. पकडणं दुश्मनाच्या हाती असते, हार मानणं आपल्या."

दवाखान्यापाशी मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. सुयांनी काळवंडलेल्या हातानं दांडी धरून ते उतरले, दम घेतला आणि वळून म्हणाले, "शुक्रवारी खिडकीची जागा धरून ठेवजा."