पोह्याच्या डब्यापाशी डावीकडे

घोड्याचे केस स्वेटरला चिकटले की चार धुण्यांनंतरही निघत नाहीत. आमच्या क्लबातले किस्से तसेच. न्यू जर्सीतली ती वर्षं आठवायला बसले की माझ्या थीसिसमधलं एक वाक्य आठवत नाही, पण डचेस नावाच्या घोडीने कुणाची वेणी गवत समजून चावली होती ते लख्ख आठवतं. वेणी माझीच होती.

मुळात मी तिथे कशी, हे आईसुद्धा प्रत्येक पत्रात विचारायची. मी पुण्याहून स्टॅटिस्टिक्स शिकायला आलेली, टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी दचकणारी मुलगी. वेस्ट विंडसरला देशपांडेकाकूंकडे वरची खोली भाड्याने घेतली होती. काकूंची मीनल तेरा वर्षांची, जन्म इथलाच, आणि घोड्यांनी पार झपाटलेली. स्वतःचा घोडा अर्थातच नाही. दर शनिवारी ती मार्जच्या तबेल्यात लीद काढायची, त्या बदल्यात तिला अर्धा तास डचेसवर बसायला मिळायचं. काका-काकू शनिवारी कामावर, आणि मला नुकतंच लायसन्स मिळालेलं. म्हणून ड्रायव्हर मी.

*

मार्ज आमच्या ड्रेसाज क्लबची अध्यक्ष. साठीची बाई, पण गवताचा भारा एका हाताने उचलायची. ड्रेसाज म्हणजे घोड्याने चालायचं, वळायचं, थांबायचं, आणि हे सगळं स्वाराच्या इतक्या बारीक इशाऱ्यावर की बघणाऱ्याला काही कळूच नये.

पहिल्याच शनिवारी ती मीनलला सांगत होती, "लगाम ओढू नकोस. थांबवायचंय ना? मग सैल बस आणि श्वास सोड. पूर्ण. डचेस पाठीने ऐकते."

मीनलने श्वास सोडला. डचेस थांबली. मला जादूच वाटली.

तेवढ्यात डचेस शिंकली. मी कुंपणापलीकडे सुरक्षित उभी होते, तरी अशी दचकले की श्वास आत गेला तो गेलाच. मार्जने माझ्याकडे नीट पाहिलं.

"ही मुलगी घोडीवर बसली," ती मीनलला म्हणाली, "तर डचेस कॅलिफोर्नियात जाऊन थांबेल."

*

क्लबच्या स्पर्धेत मला परीक्षकांची लेखनिक केलं. परीक्षक बोलणार, आपण शेजारी बसून मार्क आणि शेरे लिहायचे. घोड्यापासून लांब, टेबलामागे, खुर्चीवर बसून. मला एकदम पसंत.

परीक्षक होत्या मिसेस हॉलिस. फार कमी बोलणाऱ्या, फेल्टची हॅट घालणाऱ्या बाई. पहिली स्वार आली, आमच्यासमोर घोडा थांबवला, एक हात खाली सोडला आणि मान लववली. मी हातातलं पेन टाकून उठले आणि दोन्ही हात जोडून व्यवस्थित नमस्कार केला. कुणी समोर येऊन मान लववली तर बसून राहायचं, असं आमच्या घरी कुणाला शिकवलेलंच नाही.

मिसेस हॉलिस कागदाकडे बघत म्हणाल्या, "ती मला अभिवादन करते आहे. प्रत्येकच करेल. तू बसून राहिलीस तरी चालेल."

मी बसले. पण दुसऱ्या स्वाराला पुन्हा उठले. सवय.

*

ड्रेसाजचा क्रम स्वाराला पाठ असावा लागतो, आणि तो पाठ करायला क्लबातली मोठमोठी माणसं स्वतःच्या पायांवर दुडक्या मारतात. रिंगणाच्या कडेने अक्षरं लावलेली असतात: ए, के, ई, एच वगैरे. "ई"पाशी डावीकडे वळा, "सी"पाशी थांबा, असा सगळा मामला.

काकूंच्या हॉलमध्ये अक्षरं कुठून आणणार? आम्ही स्टीलचे डबे मांडले. "ए" म्हणजे रवा, "सी" म्हणजे साबुदाणा, "ई" म्हणजे पोहे. मीनल पुढे, मी मागे. मला घोडा म्हणून घेतलं होतं, कारण एकटीने करताना तिला कंटाळा यायचा. आम्ही रंगात येऊन दुडकत असताना दार उघडलं आणि काका त्यांच्या ऑफिसमधल्या साहेबांना घेऊन आत आले.

"ही आमची पेइंग गेस्ट," काका शांतपणे म्हणाले. "पीएचडी करते."

पुढच्या शनिवारी मार्ज ओरडली, "ई!" मीनल सरळ पुढे. मार्ज पुन्हा ओरडली, "ई!" मीनल वळली, पण फार उशिरा. मी कुंपणावरून हळूच म्हटलं, "पोहे." पुढच्या फेरीला मीनल अशी सुरेख वळली की मार्ज बघतच राहिली.

"काय म्हणालीस तू तिला?"

महिन्याभरात सगळा क्लब "पोहे"पाशी वळायला लागला. मार्जने काकूंकडून जुना डबा मागून नेला आणि "ई"च्या खांबाखाली ठेवला. काकूंनी तो घासून दिला. "लोक बघणार," म्हणाल्या.

*

मग ग्रँटचं निघालं. मार्जला क्लिनिक, म्हणजे घोडेस्वारीचं शिबिर, घ्यायचं होतं. बाहेरचा बडा ट्रेनर नाही, क्लबातलेच जाणते लोक शिकवणार, आणि ज्यांच्याकडे घोडा नाही त्यांनाही शिकता येणार. ड्रेसाजचं विभागीय मंडळ अशा क्लिनिकना ग्रँट द्यायचं. मिळाली तर मीनल रीतसर शिकणार. नाही मिळाली तर क्लिनिक कॅन्सल, आणि मीनल जन्मभर लीद काढणार. काकूंनी स्पष्ट सांगितलं होतं, "घोड्याचे लाड आपल्या पगारात बसत नाहीत."

"तू युनिव्हर्सिटीत आहेस," मार्ज मला म्हणाली. "अर्ज तू लिही."

मी लिहिला. आपल्याला ज्यातलं काही कळत नाही त्याबद्दल माणूस फार ठामपणे लिहितो. मी टाइप केलं, "ज्या व्यक्तीने आयुष्यात घोड्याला हात लावलेला नाही, तीसुद्धा आमच्याकडे एका सकाळीत घोडा थांबवायला शिकेल." मार्जने न वाचता सही ठोकली.

गुरुवारी तबेल्यात फोन वाजला. मंडळातर्फे मिसेस हॉलिस. मार्ज बराच वेळ "येस, येस" करत होती. मग फोन ठेवून म्हणाली, "त्यांना ते वाक्य आवडलंय. रविवारी येऊन बघणार आहेत. अशी व्यक्ती कोण आहे आपल्याकडे?"

मीनल माझ्याकडे बघत राहिली.

घरी काकू म्हणाल्या, "हिच्याइतकी कोरी पाटी अख्ख्या जर्सीत मिळायची नाही."

*

रविवारी काकू कूलर भरून बटाटेवडे घेऊन आल्या. मिसेस हॉलिस घडीच्या खुर्चीत, हॅट घालून, मांडीवर प्लेट. मी डचेसवर चढले, म्हणजे मला चढवण्यात आलं. मार्ज लांब दोर धरून मधोमध उभी, आणि डचेस तिच्याभोवती गोल चालू लागली.

"छान. आता श्वास सोड."

सोडायला तो माझ्याकडे असायला हवा ना. डचेस चालत राहिली.

"सैल बस. काही घाई नाही. सोड श्वास."

फेरी. पुन्हा फेरी. पोह्याचा डबा आला, गेला, पुन्हा आला. मार्जचा आवाज तसाच, दुधावरच्या सायीसारखा.

"अगं, निळी पडशील," कुंपणावरून काकू.

"ताई, जस्ट ब्रीद," मीनल. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती मिसेस हॉलिसच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि दोन्ही हातांनी कुंपण घट्ट धरून उभी होती. ते बघून माझा उरलासुरला श्वासही आत गेला.

किती फेऱ्या झाल्या देव जाणे. शेवटी मिसेस हॉलिस बोलल्या.

"मार्ज, पुरे. मी ट्रेनर खूप पाहिलेत. इतक्या फेऱ्यांनंतर एवढ्या हळू आवाजात बोलणारा एकही नाही पाहिला. मला तेवढंच बघायचं होतं. ग्रँट तुमची."

गुरुवारपासून छातीत अडकलेला श्वास माझ्या नाकातोंडातून एकदम बाहेर पडला.

डचेस थांबली. पोह्याच्या डब्यासमोर, चारही पाय एका रेषेत, मान डौलदार, पुतळ्यासारखी.

कुणी हललं नाही. थांबल्यावर काय करायचं असतं ते मला सुदैवाने माहीत होतं. मी एक हात खाली सोडला आणि मान लववली.

मिसेस हॉलिसनी वड्यांची प्लेट खाली ठेवली, खुर्चीतून उठल्या, हॅट काढून काखेत धरली, आणि दोन्ही हात जोडले.